मीटर रीडिंग

ड्रीना नदीच्या काठी, गोराझ्देत,
मी घरोघरी जाऊन विजेचे आकडे उतरवतो.
दर महिन्याच्या सात तारखेला तेता शेफिकाचं दार.
तेता म्हणजे मावशी.
कुणाचीच सख्खी नाही, म्हणून सगळ्या गल्लीची.

मीटर जिन्याखाली, लोणच्याच्या बरण्यांमागं.
मी टॉर्च दातांत धरून वाकतो,
ती वरून विचारते,
"किती खाल्ला रे उजेड?"

एकटी बाई. फ्रिज नाही, टीव्ही बंद,
आणि अंगणातला दिवा मात्र रात्रभर.
एकदा मी आठ युनिट कमी लिहिले.
तिनं चष्मा लावून पावती वाचली, परत दिली.
"माझ्या दिव्यातला चोरू नकोस."
मग कॉफी ओतली. साखरेचा खडा
माझ्या बशीत ठेवला, स्वतःच्या नाही,

आणि दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं:
वेढ्याच्या वर्षांत तारा मेल्या होत्या.
सेनाहिदनं धुलाईयंत्राची मोटर उचकटली,
कोठीच्या दाराची पाती केली,
पिंपांवर तरंगणारं चाक पुलाखाली बांधलं.
नदी फिरवायची,
आणि स्वयंपाकघरात एक बल्ब
आजारी डोळ्यासारखा उघडायचा.
त्या उजेडात तिनं शेजारणींची चार बाळंतपणं केली,
खाजऱ्या पाल्याची भाजी निवडली,
लेकाचे मोजे उसवून पुन्हा विणले.

एका पहाटे चाकात ओंडका अडकला.
तो सोडवायला उतरला.
डोंगरावरून गोळी आली.
बल्ब लागला.
ओंडका सुटला होता.

नदीनं त्याला कुठं नेलं, अजून कळलेलं नाही.

इथं ती थांबली नाही. मीच थांबलो, कप हातात.

"मग अकरा वर्षं मी अल्लाशी अबोला धरला.
नमाज चुकवली नाही हं, पाचही वेळा.
पण बोलले नाही.
रुसलेली बाई नवऱ्याचं ताट
वेळेवर वाढते ना, आदळून, तसं."

"अन् सुटला कसा?"

"कोण जाणे. एकदा या बरणीचं झाकण निघेना.
सवयीनं म्हणून गेले, जरा हात लाव ना.
निघालं.
आता एवढं झाल्यावर पुन्हा तोंड फिरवायचं म्हणजे..."
आणि ती हसली, पुढचे दात नसलेलं हसू.

तिची तसबीह मी तेव्हा नीट पाहिली.
मणी आलुबुखारच्या बियांचे,
ओवायला त्याच मोटरीतली तांब्याची तार.
"बोटं हिरवी होतात," म्हणाली. "धुते."

मला खूप काही विचारायचं होतं.
मी पावती फाडली, ती देऊन निघालो.

घरी, धाकट्या भावाला दार उघडायचं नाही
असं ठरवून दोन महिने झाले होते.
त्याची दारू, आईच्या बांगड्या, पोलीस. असो.
श्रद्धा वगैरे मला जमत नाही,
बरणीचं झाकण मी अजूनही
टेबलाच्या कडेवर आपटूनच काढतो.
पण त्या रात्री पायरीवरचा बल्ब
मालवायला हात गेला, तो तसाच परत आला.

भाऊ आला नाही.
त्या रात्री नाही, त्या महिन्यातही नाही.

सात तारखेला सगळ्यांत शेवटी माझं स्वतःचं मीटर.
टॉर्च दातांत धरून वाकलो.
एकोणीस युनिट जास्त.
पूर्ण लिहिले.