एकच गोळी

बुसानच्या मासळीबाजारामागे माझं औषधांचं दुकान.
अकरा वाजले की शटर अर्धं ओढते.
उरलेलं अर्धं, ज्यांना वाकायची लाज वाटत नाही त्यांच्यासाठी.

परवा वाकून आला इन्स्पेक्टर मेंग.
टोपी ओली, ओठ कोरडे.
"काकू, उद्या पहाटे चारला धाड. बर्फाच्या गोदामावर.
कुणाला सांगू नका."
मी कुणाला सांगणार? अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं,
खेकडेवालीने तर सुट्टीही टाकली होती.
"पोटात गोळा येतोय," म्हणाला, "ती गोळी द्या."
ती म्हणजे काळी, सोनेरी वर्खातली,
परीक्षेच्या सकाळी आया पोरांना चारतात ती.

खोका उघडते तोच
शटरखाली मगरीच्या कातड्याचे बूट.
प्यो.
मानेपर्यंत चढलेला ड्रॅगन, तोही घामाने डबडबलेला.
हातात बायकोची यादी: खोकल्याचं औषध, चिकटपट्टी,
आणि तळाशी, त्याच्या स्वतःच्या अक्षरात, अगदी बारीक,
तीच.

मेंगचा हात पट्ट्याकडे गेला. प्योचा कोटात.
मेंगच्या हाती घरच्या किल्ल्या लागल्या,
प्योच्या हाती रुमाल.

"एकच गोळी उरलीय," मी म्हणाले,
आणि दोघेही धाडकन खाली!
मेंग लंगोटांच्या गठ्ठ्यामागे,
प्यो नेमका बोलक्या वजनकाट्यावर.
काट्याने खणखणीत आवाजात जाहीर केलं:
एक्क्याण्णव किलो. आहार सांभाळा.

पात्याने गोळी मधोमध कापली.
वर्ख मेंगच्या वाट्याला थोडा जास्त गेला,
प्योने ते पाहिलं, बोलला नाही.
बाकावर शेजारी बसून दोघं चघळत राहिले, तोंडं वाकडी करत.

"उद्या येणारच का?"
"यावं लागतं रे. साहेब नवे आहेत."
"चारला नको. त्या वेळी माझ्या पोरांची पाचावर धारण बसलेली असते."
"माझ्याही."
"पाच?"
"पाचला अंधारच असतो."
साडेसहा ठरलं. उजाडलेलं बरं.

पैसे निम्मे निम्मे. सुटे कुणाकडेच नव्हते, लिहून ठेवलेत.
जाताना दोघेही शटरला डोकं आपटून गेले,
आधी कायदा, मग गुन्हा.

आता खोटं कशाला बोलू,
खोक्यात आणखी एक होती.
गोदामाची मागची भिंत
म्हणजे माझ्या झोपायच्या खोलीची पुढची.