तालीम

रात्री सव्वाअकरा. तिसऱ्या रेल्वे गेटची घंटा वाजून थांबली.
वडगावच्या विणकर पतसंस्थेची सगळी खाती
क्लाउडवर शेजारीच नकलून ठेवलीत:
चाळीस हजार माणसं, हुबेहूब,
फक्त फोन नंबर पुसलेले,
चुकून कुणाची झोप मोडायला नको.

काम एका ओळीचं. बाबगोंडा मॅनेजर म्हणाले होते,
‘बेळगावचं बेळगावी करायचं, एवढंच की ओ.’

ओळ चालवली. तीन सेकंद.

पत्ते बदलले सगळे.
आणि पांगुळ गल्लीतल्या यल्लुबाई बेळगावकर
यल्लुबाई बेळगावीकर झाल्या,
त्यांच्यामागे आणखी दोनशे बारा जण,
न विचारता.
खात्रीसाठी पुन्हा चालवली,
तर गावाच्या शेपटाला दुसरी वेलांटी,
धोट्यानं तोच धागा दोनदा ओढावा तशी.

नकलेतलं गाव पुसलं. परत उतरवलं.
पुसलं. परत.
चौथ्या खेपेला फक्त पत्त्याचा रकाना,
त्यातही न बदललेल्याच नोंदी.
आडनावं जागच्या जागी.

या शहरात पाट्यांना काळं फासलंय लोकांनी,
बस अडवल्यात,
सगळं थेट खऱ्यावरच.

आधी बॅकअप. मग एंटर.

सकाळी यल्लुबाई काउंटरला आल्या,
पासबुक छापून घेतलं, नाव वाचलंही नाही.
सही केली मराठीत, एकेक अक्षर रेटत,
आणि शिपायाला कन्नडमधून म्हणाल्या,
शाई फिकी येतेय तुमची.