जुना तालुका

एसटीच्या पाटीवर कळमसरीपुढे
कंसात ‘जुना तालुका’ लिहायचे.
रंगारी बदलला, कंसाची एक बाजू गेली.
तेव्हापासून आम्ही उघड्या कंसात राहतो.

कचेरी का गेली, याचं भांडण
शिवलिंगप्पाच्या हॉटेलात अजून ताजं आहे.
सडक आपल्याकडूनच जाणार व्हती,
पण फाट्यावाल्यांनी मोजणीदाराला
आठ दिवस कोंबडं खाऊ घातलं,
अन् आपला सरपंच माळकरी.
कुणी म्हणतं, कोंबडं नाही, पूल.
नदीवर पूल बांधायला पैसा नव्हता, बस.
पण पुलाच्या गोष्टीला चव नाही,
म्हणून कोंबडंच चालतं.

दफ्तर निघालं अठरा बैलगाड्यांत.
लाल फडक्यातले बस्ते,
फसली सालं, हाली सिक्क्यातले हिशेब,
उर्दू, मोडी, मधेच एखादी तेलुगू सही.
खैरुद्दीन अर्जनवीस प्रत्येक गाडीसोबत
नदीच्या उतारापर्यंत गेला
आणि परत आला. अठरा वेळा.
विचारलं तर म्हणाला,
माझं अक्षर आहे त्यात. पाण्यात पडलं म्हंजे?

तास मात्र गेला नाही.
खजिन्यासमोरचा, पितळी, परातीएवढा;
पहारेकरी ठोकायचा
आणि गाव त्यावर भाकरी थापायचं.
यादीत होता: तास नग एक, मोगरीसह.
मोगरी फाट्यावर पोचली.
तासाबद्दल तीन वर्षं पत्रव्यवहार चालला.

मी वाचलाय तो सगळा.
कारण मी आता फाट्यावरच असते,
रेकॉर्ड रूममध्ये, स्कॅनिंगला, कंत्राटी.
पान काचेवर ठेवायचं, झाकण लावायचं,
उजेड इकडून तिकडे सरकतो:
आमच्या विहिरी, आमच्या हद्दी,
कोणाची म्हैस कोणाच्या जोंधळ्यात शिरली,
कोणी कोणाच्या दारात काय बोललं.
आमचं सगळं बोलणं इथं, स्टीलच्या रॅकवर,
आणि जेवणाच्या सुट्टीत मला विचारतात,
कळमसरीत असतं तरी काय गं?

शेवटचा कागद सटवा कोतवालाचा जबाब.
अक्षर खैरुद्दीनचं, खाली अंगठा.
‘तास कोठे आहे हे मला ठाऊक नाही.
वेळ विचारल्यास तोंडी सांगू शकतो.’
तो अंगठा माझ्या आज्याचा.
मी तो दोनदा स्कॅन केला,
पहिल्यांदा हात हलला म्हणून.

आता म्हणतात तहसील बायपासला जाणार,
काचेची इमारत, लिफ्टसकट.
फाट्यावर दोन दिवस बाजार बंद होता.
स्टँपवाले कुंटूरकर टेबल उचलत नाहीत,
पायाला साखळी बांधलीय त्याच्या.
शिवलिंगप्पाला सांगितलं तर आधी खूप हसला,
मग कपबशी पुसत राहिला,
मग म्हणाला, किती गाड्या लागतील?

घरी आल्यावर जोंधळे काढायला
मी रांजणावरचं पोतं बाजूला केलं.
झाकण पितळी आहे, जड आहे,
लहानपणापासून आम्ही त्याला झाकणच म्हणतो.
हातातलं मापटं निसटलं, त्यावर पडलं.

कितीतरी वेळ ते थांबलंच नाही.
गल्लीतून कुणीतरी म्हातारं ओरडलं,
एकच? अन् बाकीचे?