विसावा दिवा

चाळकेवाडीच्या सड्यावर आमच्या ताब्यात
तेव्हा एकोणीस पवनचक्क्या होत्या.
प्रत्येकीच्या डोक्यावर एक लाल दिवा,
विमानांना दिसावा म्हणून.
विमानं कधी तिकडून गेली नाहीत, तो भाग वेगळा.

रात्रपाळीला तात्याबा धनावडे.
विमानवेधी तोफेवरून पेन्शनीत आलेला.
कानटोपी, काठी, चुन्याची डबी,
आणि दर तासाला वहीत एकच ओळ:
"दिवे एकोणीस. वारा पश्चिमेचा. सर्व ठीक."

मी सांगलीचा, चोवीस वर्षांचा, साइट इनचार्ज.
मार्गशीर्षातल्या एका सकाळी वाचलं:
"०२१० वाजता दिवे वीस.
विसावा पांढरा. सज्जनगडाच्या अंगानं आला,
सात नंबरच्या पात्यांवर थांबला.
आवाज नाही. चार मिनिटं."

वही महिनाअखेर पुण्याला जायची.
मी लाल पेनानं ओळ खोडली,
वर लिहिलं: एकोणीस.

त्यानं पाहिलं. स्टोव्हला पंप मारत राहिला.
चहा गाळताना म्हणाला,
"एकाहत्तरालाबी असंच झालं व्हतं, सायेब.
वाळवंटात. धावपट्टीच्या कडंला आमची तोफ.
ब्लॅकआउट. बिडीसुदिक पेटवायची न्हाई.
आन् वर एक उजेड. जाईना, यीना.
पाय पायडलवर. दाबला की गोळा सुटनार.
हुकूम इचारला, तर फोनवर नुसती खरखर."

मग?

"मग काय. थंडीनं पाय कापत व्हता,
आन् मी त्याला सांगत व्हतो, कापू नगंस.
आपलं इमान आसंल तर?
त्यांचं आसंल तर?
दोगांचंबी नसंल तर?
ह्ये तिसरं कुनी शिकवलं न्हवतं आमाला."

सकाळी त्यानं नोंद केली.
कॅप्टननं तीवर रेघ ओढली आणि लिहिलं: शुक्र.

"शुक्र!" तात्याबा पहिल्यांदाच हसला.
"लहानपनापास्नं गुरांमागं ह्याच सड्यावर.
शुक्र मला कुनी दावायचा?
त्यो तर त्या राती जेवनं व्हायच्या आत बुडाला व्हता."

कप विसळून पालथा घातला.
"खोडायचं तर नीट खोडावं, सायेब.
एका रेघंनं खालचं वाचता येतं."

त्यानंतर तीन वर्षं वहीत
एकोणीसच दिवे राहिले.
पण काही रात्री आकड्यापुढे
एक बारीक टिंब असायचं,
पेन नुसतं टेकवून उचलल्यासारखं.
मी कधी विचारलं नाही.
पुण्यालाही टिंबाचं काही वाटलं नाही.

पुढे कंपनी विकली गेली. वह्या रद्दीत निघाल्या.
ती एक मी ठेवून घेतली.
लाल शाई आता फिकी तपकिरी झालीय,
खालची निळी मात्र तशीच:
आवाज नाही. चार मिनिटं.

तात्याबाच्या दिवसांना गेलो होतो.
पोरानं मेडलं दाखवली, फेटा दाखवला.
वहीचं मी बोललो नाही.

अजून त्या बाजूला गेलो की
ठोसेघरच्या वळणावर गाडी थांबवतो,
काच खाली करून दिवे मोजतो.
बहुतेकदा अठरा भरतात.
एखादा बल्ब गेलेला असतो.