चौथ्या वर्षी, एक शेळी

पहिल्या वर्षी आम्हाला अख्खा देश दिला होता.
संविधान, सार्वभौमत्व, सत्तेची विभागणी –
तोंडभर शब्द. रात्री वसतिगृहामागे
झोम्बाच्या डोंगराकडे तोंड करून
आम्ही ते मोठ्यांदा म्हणायचो,
आणि डोंगर बिचारा कसलाच आक्षेप घ्यायचा नाही.

दुसऱ्या वर्षी करार. तिसऱ्या वर्षी जमीन :
कुणाची, किती, कुठल्या झाडापासून कुठल्या झाडापर्यंत.
मधल्या काळात झाडच तोडलं तर काय,
हा प्रश्न दहा मार्कांना होता.

चौथ्या वर्षी आली शेळी.

ती फायलीत होती. रंग करडा, डावा कान फाटका,
किंमत वादग्रस्त.
ती चोरली म्हणून फॅन्युएल चिसाले आत होता,
पकडला तेव्हा एकवीसचा, आता चोवीसचा,
आणि खटला अजून
कुठल्याच न्यायाधीशाच्या टेबलापर्यंत चालत गेला नव्हता.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आम्हाला शेवटच्या वर्षांत ती पायरीच शिकवतात :
अर्ज किती प्रतींत, शिक्का कुठल्या खिडकीवर,
ती खिडकी जेवायला किती वाजता जाते.

जामिनाचा पहिला मसुदा मी लिहिला.
‘कोवळा तरुण’ लिहिलं, ‘निष्ठुर विलंब’ लिहिलं,
रात्री वाचताना माझाच गळा दाटून आला.
न्यिरोंगो बाईंनी लाल पेन्सिल काढली
आणि शेंगा सोलाव्यात तशी विशेषणं सोलली.
म्हणाल्या, ज्यांच्याकडे तारखा नसतात
त्यांना विशेषणं लागतात. तुझ्याकडे तारखा आहेत ना?
मग मोज.

आम्ही मोजलं. तीन वर्षं, दोन महिने, अकरा दिवस.
लीप वर्षाच्या एका दिवसावरून
टापिका आणि मी तासभर भांडलो.
तो दिवस त्यानेही आतच काढला होता,
हे भांडण संपल्यावर लक्षात आलं.

आणि मुद्देमाल?
मुद्देमाल ठाण्यामागे आंब्याला बांधलेला होता.
मुद्देमाल व्याला होता. दोनदा.
पुराव्याच्या तासाला वर्ग हसून लोळला,
मग गंभीर झाला : करडं कुणाची?
मूळ मालकाची, फिर्याद खरी असेल तर.
फॅन्युएलची, तो म्हणतो तसं शेळी त्याचीच असेल तर.
पाऊण तास आम्ही त्या करडांवर घालवला,
नोंदी छान निघाल्या.

आईचा फोन कारोंगाहून, दर रविवारी.
काय शिकवतायत आता?
म्हटलं, शेळी.
ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली,
ते तर मीही शिकवलं असतं, फी न घेता.

तुरुंगात भेटायला गेलो तेव्हा
तो जामिनाबद्दल काहीच बोलला नाही.
कान बरा झाला का, एवढंच विचारलं.
टापिकाने वहीत लिहिलं : ‘कान. आरोपीला माहीत आहे.’
आणि खाली दोन रेघा ओढल्या.
मला तिचा हेवा वाटला. मी तेव्हा
त्याच्या हातांकडे बघत बसले होते.

मॅजिस्ट्रेटसमोर बाई बोलल्या,
आम्ही मागे बसून कागद पुरवले.
सहा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं.
सहा मिनिटांत ना देश आला, ना सार्वभौमत्व.
तारखा आल्या, एकामागून एक, अनवाणी.
मॅजिस्ट्रेटने पान उलटलं, चष्मा पुसला,
शेळी अजून जिवंत आहे का ते विचारलं
आणि सही केली.

सुटकेचा कागद दुपारी दारावर पोचला.
फॅन्युएल बाहेर आला, प्लास्टिकची पिशवी घेऊन.
रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे त्याने आळीपाळीने पाहिलं.
चार खोक्यांवर टोमॅटोचे ढीग, एक मिनीबस, धूळ.
मग आमच्याकडे वळून, अगदी अदबीने,
त्याने विचारलं : आज तारीख काय?

आम्ही चौघीही एकमेकींकडे बघत राहिलो.
कुणालाच पटकन आठवेना.