तोर्ग

शर्वरीने फोटो पाठवलाय उप्सालाहून:
चौकोनी फरसबंदी, एक सायकल, सायकलच्या सीटवर
चार बोटं बर्फ. माणूस नाही.
खाली लिहिलंय, बाबा, हा आमचा तोर्ग.
घर इथून सहा मिनिटांवर.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
अरे, हा तर माझ्या ओळखीचा.

एकोणतीस वर्षं कोळसा कंपनीच्या भाषांतर कक्षात
रशियन यंत्रांच्या पुस्तिका उलगडत बसलो,
बोल्ट किती आवळायचा, तेल कधी बदलायचं.
उमरेडच्या खाणीत कुणी त्या वाचल्या का, देव जाणे.
डबा संपला की मात्र मोठा कोश उघडायचो, उगाच,
आणि तिथे एका दुपारी हा भेटला होता.
तोर्ग. समोर पेन्सिलीने लिहिलं, घासाघीस.
मग खोडून, सौदा.
मग तेही खोडून, प्रमिला.

सक्करदऱ्याच्या बुधवारी बाजारात ती शिरली
की पारबता भोयर पदर खोचून तयार.
'वीस कायचे व बाई? वांग्याले सोनं लागलं काय?'
'मंग फुकट ने न. माही लेकरं ठेवतो उपाशी.'
प्रमिला चार पावलं निघून जायची.
पाचव्या पावलाला मागून हाक.
मी पिशवी धरून दूर उभा, लाजेने अर्धा झालेला,
आणि त्या दोघी हसत,
अठराला तोडत, वर कोथिंबिरीची जुडी.
एवढं सगळं एका शब्दात मावतं
हे मला बाजारात नाही, कोशात कळलं.

शर्वरीला कसं लिहावं?
शब्द मूळचा स्लावांचा, असं लिहू.
होड्यांतून, नद्यानद्यांनी, कातडी, मेण, मध यांच्याबरोबर
उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांनी तोही नेला असावा,
पावती न फाडता.
पोलंडात तो तार्ग, अजून भाजीचा वास येणारा.
झाग्रेबकडे त्र्ग, मधला स्वर झिजून गेलेला,
आणि तिथेही बहुतेक नुसता चौक.
फिनलंडात तर अख्खं शहर त्याच्या नावाचं, तुर्कू,
जशी आपली इतवारी:
आपला वार कधीच विसरलेली,
सोमवारीसुद्धा हळदीची पोती उतरवणारी.
त्याआधी तो कुणाचा? इथे कोशकार
'कदाचित' लिहितात आणि पान उलटतात.

भावाभावांत वाटणी व्हावी तसं झालं आहे.
रशियनकडे तोंड गेलं, खणखणीत, भांडकुदळ.
स्वीडिशला मिळाली
ते तोंड जिथे चालायचं ती जमीन.
माझ्याकडेही आता जमीनच आहे, पोरी,
दोन खोल्या, एक ओटा,
हे लिहायचं नाही.

काल बुधवार होता. गेलो.
पारबता थकलीय, पण बसते. संत्री होती, मृग बहाराची.
'ऐंशीले डझन.'
मी ऐंशी काढून समोर धरले.
तिने हातच पुढे केला नाही.
'असं कसं साहेब? काही त बोला न.
बाई सोडे काय मले अशी?'

मागे स्कूटरवाला हॉर्न देत होता.
मी म्हटलं, सत्तर.
ऐकूच गेलं नाही. पुन्हा म्हटलं.
'पंचाहत्तर,' ती म्हणाली, 'तुमच्यासाठी,'
आणि मोजून बारा घातल्यावर
न मोजता आणखी दोन.

रात्री फोटोखाली इतकंच उत्तर टाकलं:
उद्या तिथून जाशील तेव्हा मधोमध थांब,
आणि कुणी नसलं तरी
एकदा विचार, कायचे?
बर्फात आवाज मुरतो म्हणतात.
जरा मोठ्याने विचार.