अनुमोदक

विषय क्रमांक एक : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचलं. कायम झालं. कोणी ऐकलं नाही.
समाजमंदिराचा पंखा एका पात्यावर लचकत होता
आणि कोरम भरायला पानठेल्यावरून
चौघांना हाताला धरून आणलेलं.

विषय क्रमांक दोन : गुजरी चौकाची सुरक्षा, स्वच्छता व सुधारणा.
एकोणीस वर्षं मी हे वाक्य लिहितो आहे.
आधी अक्षराला वळण होतं,
आता नुसतं वाहतं, नालीसारखं,
म्हणजे तुंबत तुंबत.

वसंतराव ढोबळे म्हणाले, कॅमेरे लावा, चार.
लांजेवार सर म्हणाले, आधी नाली.
नालीत मंगळवारच्या बाजाराची संत्र्याची सालं,
जिनिंगच्या ट्रॅक्टरवरून उडालेला कापूस,
आणि किसनाचा तर्री-पोह्याचा ठेला नेमका कोणाच्या जागेत,
यावर पाऊण तास.
डुकरं कोणाची हे सगळ्यांना ठाऊक,
म्हणून त्यावर कोणी बोललं नाही.
एकजण सौंदर्यीकरण म्हणाला. कारंजं म्हणाला.
आमच्या नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं.

चहा आला. कागदी कप खिडकीतून खाली गेले.
मी लिहिलं : सविस्तर चर्चा झाली.

तेव्हा मागून, खांबाजवळून, रंभा गेडाम उठली.
उठली हे कळायलाच वेळ लागला;
सभेत ती उठते ती सतरंजी गुंडाळायला.

"थो चौक मी झाडतो. साडेचारले, अंधारात.
रात्री काय झालं थे मले सकाळी सापडते.
पव्वे सापडतात. पत्ते सापडतात.
मांगच्या हप्त्यात टाकीखाली एक चप्पल सापडली.
पोरीची. नवी. पट्टा धड.
धड चप्पल कोनी सोडून जाते का, सांगा?
पयाली असन थे.
टाकीखाली एक लाईट लावा, बाप्पा,
शेवटच्या यष्टीच्या पोरी घरी जाईस्तोर.
कॅमेरा अंधारात काय पाहीन?"

पंखा ऐकू येऊ लागला.
सरपंचबाईंच्या शेजारी बसलेले त्यांचे यजमान खाकरले.

सूचक : रंभा तुकाराम गेडाम. लिहिलं.
एरवी ही ओळ मी घरूनच भरून आणतो,
ठरलेली दोन नावं, एकाच शाईत.
अनुमोदक :
पेन तिथं थांबलं.

दाराबाहेरून एक हात वर झाला.
उईकेंची प्रणाली, तालुक्याला अकरावीत.
पायात आईची चप्पल, दोन बोटं मोठी.
ढोबळे म्हणाले, मतदार नाही ती, वय बसत नाही.
नियम बरोबर होता.
कधीतरी मीच त्यांना सांगितलेला.
ती हात खाली घेईना,
आणि तो मोजताही येईना.

मी मतदार आहे.
वॉर्ड तीन, अनुक्रमांक दोनशे सहा.
एकोणीस वर्षांत हात वर केला नाही,
कारण हातात पेन असतं.
पेनाला टोपण लावलं.

पुढच्या अर्ध्या मिनिटात सभेत काय झालं
याची नोंद इतिवृत्तात नाही.

लाईट पौषात लागला. संक्रांतीआधी फुटला.
मग पुन्हा एकदा. काचा रंभानेच भरल्या.
तिसऱ्या वेळी किसनाने तारेची जाळी बसवली
आणि बिल मागितलं नाही.
ठेल्याचा वाद प्रलंबित आहे,
माझी वेतनवाढही.

ती चप्पल रंभाने टाकीच्या खांबाला,
एका खिळ्यावर, उजेडात टांगून ठेवली होती.
महिनाभर सगळं गाव तिच्यापासून नजर चुकवून गेलं.
परवा पहाटे पाहिलं,
खिळा रिकामा.

हे कोणत्या विषयाखाली घ्यावं?